प्रसादाचा पासवर्ड

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं मध्यंतरी एक पराक्रम केला. तिसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले होते. तरुण नवराबायको, दोघंही शेंद्र्याकडच्या कारखान्यांत नोकरीला. सेक्रेटरीनं त्यांच्याकडून आधारकार्ड मागून घेतलं, मोबाइलवर फोटो काढला आणि दिला टाकून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. नाव, गाव, जन्मतारीख, नंबर, सगळं. खाली 'नवीन सदस्यांचे स्वागत'. पाठोपाठ फुलांच्या गुच्छांचा पाऊस.

मी गुच्छ पाठवला नाही. पायात चप्पल सरकवली आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"हे आधी काढा ग्रुपवरून."

"का हो मॅडम? त्यात काय एवढं?"

"त्यांना विचारलं होतं?"

"कार्ड त्यांनीच तर दिलं."

"तुम्हाला दिलं. अख्ख्या सोसायटीला नाही दिलं."

तो हसला. मला म्हातारीला समजावल्यासारखं म्हणाला, "मॅडम, मी काय चोरलं का त्यांचं? कार्ड त्यांचं त्यांच्याकडंच आहे की."

फोटो ग्रुपवरून निघाला. माझा आवाज चढला की भल्याभल्यांची बोटं चालायला लागतात. पण घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. तेव्हा आधारकार्ड नव्हतं, मोबाइल नव्हता, इंटरनेटचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. गाव औरंगाबाद होतं आणि कारखाना चिकलठाण्याचा. दिवाळीच्या अंकासाठी 'नोकरीतलं काहीतरी लिहा' असा फोन आला तेव्हा कुठलं लिहू याचा मला विचारच करावा लागला नाही.

मी मूळची खुलताबादची. आजोबांची मेंढरं होती. वडिलांनी मेंढरं विकून थोडी कोरडवाहू जमीन केली आणि मी टायपिंग शिकून एसटीनं औरंगाबादला येऊ लागले. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून चिकटले. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा 'ज्यांची बोटं चालतात त्यांना तिकडं पाठवा' असा हुकूम निघाला. माझी बोटं चालत होती. डोकंही चालतं हे त्यांना नंतर कळलं. प्रोग्राम लिहायला शिकले, आणि चांगली शिकले. हे मी माझ्या तोंडानंच सांगते, कारण सांगणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा एक खोली. अख्ख्या कारखान्यात एसी फक्त तिथं, जनरल मॅनेजरच्या केबिनलासुद्धा पंखाच. चप्पल बाहेर काढायची. दारावरचा वॉचमन गफूरभाई नव्या माणसाला बजावायचा, "अंदर कू जोर से बात नक्को करो, मशीन नाराज होती." आम्हीही त्याला कधी खोटं पाडलं नाही. त्यामुळं खोलीत शांतता राहायची.

आतल्या त्या मशीनला लांब लांब वायरींनी काही पडदे जोडलेले होते. एक पगार खात्यात, एक स्टोअरमध्ये, एक टाइम ऑफिसात, म्हणजे जिथं कामगारांची हजेरी लागते तिथं. पडद्यावर हिरवी अक्षरं. कामगाराचा नंबर दाबला की तो माणूस पुढ्यात उभा. नाव, वडिलांचं नाव, गाव, वय, शिक्षण, लग्न, मुलं, पगार, खाडे, कुठल्या दुखण्यानं रजा घेतली, आणि जात. जात कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. "साहेब, पगार काढायला जात लागते का?" तर साहेब म्हणाले, "नोकरीच्या अर्जात रकाना आहे ना, मग भरून टाका. डिस्कवर जागा आहे."

हे आमचे दंडवते साहेब, खात्याचे प्रमुख. देवमाणूस. कुणाला रजा नाकारली तर स्वतःलाच रात्रभर झोप न येणारा. त्यांनी आमच्या खात्यात एक प्रथा पाडली होती, जी जगात दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला सोसावी लागली नसेल.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. लेथला झेंडूचा हार, प्रेसला हार, क्रेनला हार. आमच्या मशीनलाही हार. हळदकुंकू मात्र मी कीबोर्डपासून लांब ठेवायची. एका वर्षी पडलं होतं, तर 'एस'चं बटण दिवाळीपर्यंत चालेना आणि कारखान्यातल्या सगळ्या शिंद्यांनी हिंदे होऊन पगार घेतला. तर पूजा झाली की दंडवते साहेब हात धुऊन पडद्यासमोर बसायचे आणि वर्षाचा पासवर्ड बदलायचे. पासवर्ड म्हणजे मशीन उघडायचा परवलीचा शब्द. अख्ख्या कारखान्यात एकच. आणि तो शब्द म्हणजे खात्यातल्या कुणातरी एकाचं कुलदैवत, दर वर्षी पाळीपाळीनं. मग पेढ्याचं ताट घेऊन साहेब स्वतः फिरायचे, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवायचे आणि सांगायचे, "यंदा आपली तुळजाभवानी बरं का!"

पूजेला टाइम ऑफिसचे यायचे, स्टोअरचे यायचे, कँटीनवाले यायचे. पेढा सगळ्यांना, पासवर्डही सगळ्यांना. एकाला सांगायचं आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे पंगतीत पान वाढताना एकाला वगळणं, असं साहेबांना मनापासून वाटायचं.

त्या वर्षी पाळी माझी होती. पासवर्ड ठरला बिरोबा. घरी जाऊन आईला सांगितलं तर तिनं हात जोडून नमस्कार केला. माझा देव कारखान्याच्या मशीनमध्ये बसला म्हणून मीही दोन दिवस फुशारले होते.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा कितीतरी वर्षं धुमसत होता. नामांतराचा ठराव झाला तेव्हा खेड्यापाड्यांत घरं जळाली, माणसं जिवानिशी गेली. पुढं मोर्चे, बंद, धरपकड, आणि मधूनमधून नुसतीच धास्ती. त्याच वर्षांत इकडं चिकलठाण्याला आणि वाळूजला कारखान्यांचे भोंगे वाढत होते. त्यामुळं व्हायचं असं की ज्याचं गावाकडचं घर जळालं तो माणूस आणि ज्यानं तसं घर जळताना नुसतं बघितलं तो माणूस, दोघं एकाच शिफ्टला शेजारशेजारच्या मशीनवर उभे. कुणी कुणाला तोंडावर विचारत नसे. आडनावावरून अंदाज बांधायचे. जाधव, पवार, गायकवाड या आडनावांचा मात्र अंदाज लागत नाही, ती सगळीकडं असतात.

टाइम ऑफिसात बापू नावाचा कारकून होता. हसतमुख, मदतीला तत्पर, कुणाचाही डबा उघडून त्यात हात घालणारा. त्याला एक नाद होता, स्थळं बघण्याचा. नात्यागोत्यातल्या मुलींसाठी मुलगा सुचला आणि तो आमच्या कारखान्यात असला की बापू टाइम ऑफिसातल्या पडद्यावर त्याचा नंबर दाबायचा. खरा पगार किती, वय किती, खाडे करतो का, पहिलं लग्न लपवलंय का. तोंडानं विचारायला अवघड, पडद्यावर सोपं. मुलीकडचे बापूला चहाला बोलवायचे, मान द्यायचे. आम्ही ते हसण्यावारी नेत होतो. बापूचं वधूवर सूचक मंडळ, असं कँटीनमध्ये सगळेच म्हणायचे.

दिवाळी होऊन गेली होती. एका शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर काचेच्या दाराबाहेर एक कामगार उभा दिसला. चप्पल काढलेली, अंगात तेलाचे डाग पडलेला गणवेश. उत्तम जाधव. आमच्या मशीन शॉपमधला जुना टर्नर, अजिंठ्याच्या बाजूचा. त्याच्या हातचा जॉब तपासावा लागत नाही, असं फोरमन सांगायचा.

"या की आत," मी म्हणाले.

"नाय, हितंच बरा हाय. मॅडम, एक विचारू का? तुमच्या कांपुटरमधी माझं काय काय लिहिलेलं हाय?"

"का हो?"

तो जरा घुटमळला. मग सांगायला लागला तसं एका दमात सांगून टाकलं.

जाधव मुकुंदवाडीला गयाबाई नावाच्या बाईच्या खोलीत भाड्यानं राहत होता. बायको, दहावीतली मुलगी संगीता आणि जाधवचा धाकटा भाऊ, तोही नुकताच दुसऱ्या एका कारखान्यात लागलेला. गयाबाईची गावाकडं शेती, इकडं चार खोल्या. गयाबाई बापूची सख्खी आत्या.

"लई जीव लावला हो बाईनं. माझी पोर तिच्याच ओट्यावर अभ्यास करायची. बाजरीची भाकरी केली की पहिली आमच्या घरात. दिवाळीत बायकोला म्हणली, तुमच्या दिराचं कधी करायचं? माझ्या भावाची पोर हाय, बापूची बहीण. तुमच्यावानी माणसं मिळायची नाय. बायको काय बोलणार? म्हणली, मालक आल्यावर सांगते. मी म्हणलं, रविवारी मीच जातो, नीट बसून सांगतो आम्ही कोण ते. लपवलं नव्हतं मॅडम. कुणी विचारलंच नव्हतं. पण रविवार यायच्या आधीच..."

"काय झालं?"

"बापूनं कांपुटर बघितला."

मी उठून दाराबाहेर त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"गेल्या शनिवारी भाकरी आली होती. रविवारी उजाडताच बाई म्हणली, खोली रंगवायची हाय, महिन्याभरात खाली करा. एक शब्द वाकडा बोलली नाय. नळावर तिच्या घागरीशेजारी आमची घागर होती, ती नुसती पायानं बाजूला सारली. संगीता तिथंच उभी होती." त्यानं गणवेशाला हात पुसले. "पोरीची परीक्षा मार्चमधी हाय. शाळा तिथंच. आता ह्या दिवसात मी खोली कुठं हुडकू? आणि जिथं जाईन तिथं बापू माझ्या आधी पोचलेला."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. माझ्या बिरोबाचं नाव घेऊन कुणीतरी एका भल्या माणसाच्या घरात शिरलं होतं. मी जाधवला म्हणाले, "सोमवारी सुट्टीच्या भोंग्यानंतर या. तुमचं जे आहे ते तुम्हाला दाखवते." आणि तशीच टाइम ऑफिसात गेले.

बापू शेंगा खात बसला होता.

"बापू, जाधव टर्नरचं रेकॉर्ड उघडलं होतंस?"

"उघडलं की. आत्यानं सांगितलं होतं." लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. "बरं झालं बघितलं. नाय तर केवढा घोटाळा झाला असता, मॅडम!"

"तुला कुणी मुभा दिली?"

"मुभा? पासवर्ड दिला की साहेबांनी. पेढ्याबरोबर दिला."

"हजेरीसाठी दिला. तू त्याची जात काढून आत्याला नेऊन दिलीस."

"मी काय चोरलं का, मॅडम? त्याचं जे हाय ते जसंच्या तसं मशीनमधी हाय. एक अक्षर हाललं नाय."

ते ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बापू, तुझ्या बहिणीला मागच्या वर्षी हॉस्पिटलात ठेवलं होतं, तू त्यासाठी रजा घेतलीस. कशासाठी ठेवलं होतं ते तुझ्या रजेच्या नोंदीत आहे. मी ती आत्ता वाचते आणि कँटीनमध्ये जाऊन सांगते. ते पण जसंच्या तसं जागेवरच राहील. जाऊ?"

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नको मॅडम. पाया पडतो."

"मी वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. पण आता कळलं का, काय चोरलंस ते?"

त्यानं शेंगांची पुडी मिटून बाजूला ठेवली. कळलं असावं. नंतर त्याचं वाईट काहीच झालं नाही. बसल्या जागी समज मिळाली, बस. दुसऱ्याची माहिती वाचणं हा गुन्हा आहे असं कारखान्याच्या नियमांत कुठं लिहिलेलंच नव्हतं, आणि याची चीड मला आजही आहे.

खरी लढाई दंडवते साहेबांशी झाली. मी सांगितलं, आजपासून प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, ज्याचा त्यानं ठेवायचा, मलासुद्धा सांगायचा नाही. टाइम ऑफिसला फक्त हजेरी दिसेल, पगार खात्याला फक्त पगार. जातीचा आणि आजारपणाचा रकाना कुणालाच दिसणार नाही. आणि कुणी काय उघडलं याची नोंद मशीन ठेवेल.

साहेब दुखावले. अगदी मनापासून दुखावले. "सुमनताई, म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास? इतकी वर्षं एका ताटात जेवल्यासारखे राहिलो आपण."

"साहेब, घरच्यांवर विश्वास आहे म्हणून तुम्ही न्हाणीघराला कडी लावायची सोडलीत का?"

ते गोरेमोरे झाले. पण बधले नाहीत. मग मी आमच्या घरचं सांगितलं. "आमच्याकडं मेंढराच्या कानाला खूण करतात. ज्याची त्याची वेगळी. वाड्यात शेकडो मेंढरं मिसळली तरी कुणाचं कुठलं ते कळतं, आणि कुणाचं दुसऱ्याच्या शेतात घुसलं तेही कळतं. तुम्ही सगळ्यांच्या कानाला एकच खूण केलीत साहेब. आज बापू बोलला म्हणून कळलं. उद्या कुणी पगारात फेरफार केला तर मशीन कुणाचं नाव सांगेल? बिरोबाचं?"

साहेब टेबलावरची काच पुसायला लागले. मग म्हणाले, "त्या जाधवाची मुलगी दहावीला आहे म्हणालात?"

"हो."

"करा तुम्हाला हवं ते."

मी रविवारी कामावर आले. गफूरभाईनं कुलूप उघडून दिलं. सोमवारी सकाळी कारखान्यातल्या प्रत्येक पडद्यावर 'तुमचा पासवर्ड द्या' असं आलं, आणि दिवसभर फोन. 'मॅडम, बिरोबा चालेना!' मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, 'बिरोबा घरी गेला.'

भोंगा झाल्यावर जाधव आला. मी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं. तो टेकला नाही, नुसता कडेला बसला. कारखान्यात तोवर एकाही कामगारानं स्वतःबद्दल काय लिहिलंय ते बघितलेलं नव्हतं. सगळ्यांना दिसायचं, फक्त त्याला सोडून. त्याचा नंबर दाबला. हिरवी अक्षरं उमटली. तो ओठ हलवत एकेक ओळ वाचायला लागला. इंग्रजी अक्षरं त्याला येत होती, ड्रॉइंग वाचायची सवय.

जातीच्या रकान्याशी आला तेव्हा मी घाईघाईनं म्हणाले, "हे आता दुसऱ्या कुणाला दिसणार नाही बरं का. मी बंद केलंय. तुम्ही म्हणाल तर पुसून टाकते."

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"पुसू नका. ते खरं हाय." मग बोट वरच्या ओळीवर नेलं. "खोटं हाय ते हे."

तिथं लिहिलं होतं, कायमचा पत्ता. त्याखाली अजिंठ्याकडचं गाव, वाडी, घर.

"हे घर नाय आता. जळालं. मी तिथं होतो तवा. बापाला पाठीवर घेऊन मागच्या दारानं निघालो. नोकरीला लागलो तवा अर्जात पत्ता मागितला, दुसरा नव्हता म्हणून हाच घातला. हे पुसा."

मी पुसलं. मशीननं घेतलं नाही. पत्त्याचा रकाना मोकळा ठेवता येत नाही, काहीतरी लिहा, असा संदेश आला. जाधव म्हणाला, "ह्याला कोण सांगणार, लिहायला काय नाय म्हणून?"

"मीच सांगते. मीच लिहिलंय त्याला असं बोलायला." त्याच्यादेखत मी प्रोग्राम उघडला, ती अट काढून टाकली आणि रकाना मोकळा केला. जाधव त्या रिकाम्या ओळीकडं बघत राहिला. उठताना म्हणाला, "बापूवर मला राग नाय मॅडम. राग ह्याचा हाय की मी रविवारी सांगणार होतो. कसं सांगायचं ते घोकून ठेवलं होतं. ते माझ्या तोंडून जायला पायजे होतं."

दारं मी बंद केली होती, पण जे बाहेर गेलं ते आत आणायचा कुठलाही प्रोग्राम मला येत नव्हता. नंतर कुणालाच आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं काय केलं ते त्यानंच मला सांगितलं. सकाळी नळावर सगळ्या खोल्यांच्या बायका पाणी भरत असताना तो अंगणात जाऊन उभा राहिला. "गयाकाकू, मी बौद्ध हाय. तुम्ही विचारलं नाय म्हणून सांगितलं नव्हतं, आता न विचारता सांगतो. भाडं येळेवर देतो. पोरीची परीक्षा झाली की त्याच दिवशी खोली सोडीन. त्याच्या आधी नाय."

"हळू बोला की," गयाबाई म्हणाली. "शेजारी काय म्हणतील?"

"शेजाऱ्यांसमोरच तर सांगतोय."

गयाबाई आत गेली. तिनं खोली रंगवायचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. शहर श्वास धरून बसलं होतं. त्याही दिवसांत जाधवचं घर तिथंच राहिलं. भाकरी काही पुन्हा आली नाही. परीक्षेच्या पहिल्या सकाळी मात्र संगीता निघाली तेव्हा गयाबाई दहीसाखरेची वाटी घेऊन ओट्यावर आली.

"हातावर दही दिलं बाईनं," जाधव मला सांगत होता. "वरून सोडलं. चमचा लांब धरून."

"मग? संगीतानं खाल्लं?"

"खाल्लं की. पेपर होता."

आम्ही दोघंही हसलो.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी त्यानं खोली सोडली. दोन महिने कुटुंब पाहुण्यांकडं राहिलं. पुढं पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी जाधव आमच्या खात्यात आला. या वेळी दाराबाहेर थांबला नाही. आत दंडवते साहेब होते, पगार खात्याच्या दोन मुली होत्या आणि हजेरीचे कागद घेऊन आलेला बापू होता.

"मॅडम, तो रकाना भरायचा हाय."

"बांधलं?"

"दोन खोल्या. वर पत्रे हायेत. पण जागा माझी."

मी त्याचा नंबर दाबला, रकान्यावर आणून ठेवलं आणि खुर्ची मोकळी करून दिली. "तुमच्या हातानं भरा." तो एका बोटानं एकेक बटण शोधत लिहायला लागला. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. सांगायचं की नाही ते त्याचं त्यानं ठरवावं.

जरा वेळानं म्हणाला, "मॅडम, पुढं जाईना. जागा संपली."

मी न बघताच सांगितलं, "जास्त झालं असेल. एखादी खूण काढून टाका. देऊळ, दुकान, काहीतरी."

मग बटणांचा आवाज आला. काहीतरी पुसलं, काहीतरी पुन्हा लिहिलं.

"झालं. आता वाचा."

"मी कशाला वाचू? तुमचं आहे ते."

"माझं हाय म्हणून तर सांगतो. वाचा. मोठ्यानं वाचा."

मी पडद्याकडं वळले. बापू कागद छातीशी धरून तिथंच उभा होता. इंग्रजी अक्षरांतलं त्याचं मराठी मी चढ्या आवाजात वाचलं, "उत्तम जाधव यांचे स्वतःचे घर, मुकुंदवाडी, औरंगाबाद. निळे दार."

"रेल्वे लाईन होती आधी," जाधव म्हणाला. "ती काढली. दार राहू दिलं."